पळायला एक खोपटी

बांधावर भांबुर्डा वाढला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. भात कापून झालेलं असतं, त्याच ओलीवर टाकलेला वाल गुडघ्यापर्यंत आलेला असतो, शेंगा बोटांना टणक लागतात, आणि चालताना पायाखाली भांबुर्डा चिरडला की वास वर येतो. हा वास चांगला आहे असं मी म्हणणार नाही. उग्र आहे. ओवा, कापूर आणि ओला पाला एकत्र कुटावा तसा. पण आमच्या पेण-रोह्याच्या पट्ट्यात त्या वासाचा एकच अर्थ आहे. पोपटीचे दिवस आले.

ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्याच्या तळाशी हा भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे, रताळी, अंडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून कोंबायचा. मडकं शेतातच उपडं घालायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचायच्या, पेटवायचं. आत पाणी नाही, तेल नाही. शेंगा स्वतःच्या ओलीवर आणि पाल्याच्या वासावर शिजतात. घरच्या चुलीवर ती चव येत नाही. मी करून पाहिलंय, फुकट गेलं.

परवा सकाळी बांधावरून येताना तो वास आला आणि भूक लागायच्या आधी माझ्या छातीत धस्स झालं. अजून होतं. दोन हंगामांपूर्वीची पोपटी मला जीव मुठीत धरून खावी लागली होती, त्याची ती आठवण आहे.

जुई माझी नात. धाकट्या मुलाची, दिनेशची मुलगी. तेव्हा सात-आठ वर्षांची होती. ती बोलते, पण थोडं, आणि तिला वाटेल तेव्हा. डॉक्टरांनी तिला स्वमग्न म्हटलं. मला तो शब्द पटला नाही. मग्न म्हटलं की माणूस कुठंतरी सुखात बसलंय असं वाटतं. आमची पोर सुखात नसायची. मिक्सर लावला की ती भिंतीवर डोकं आपटायची. लग्नाच्या बँडनं तिला उलटी व्हायची. नव्या फ्रॉकच्या मानेपाशी लावलेली ती कंपनीची चिठ्ठी तिला सुई टोचल्यासारखी टोचायची, आणि आम्ही म्हणायचो, पोर हट्टी आहे.

मला हे कळायला वेळ लागला. कळलं ते पुस्तकातून नाही. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, पुस्तकं मला काय सांगणार? मला एकदा मलेरिया झाला होता. तापात अंगावरच्या लुगड्याचा काठ सुद्धा सोसवत नव्हता, कुणी भांडं ठेवलं तरी ते कवटीत ठेवल्यासारखं वाटायचं, आणि नळाचं थेंब थेंब पाणी ऐकून मी रडले होते. ताप उतरला, मी ते विसरले. मग एक दिवस जुईला कानात बोटं घालून न्हाणीच्या कोपऱ्यात बसलेली पाहिलं आणि मनात आलं, हिचा ताप उतरतच नसेल तर?

दिनेश रोह्याजवळ धाटावला केमिकलच्या कंपनीत कामाला आहे. शिफ्ट संपवून मोटारसायकलीवरून घरी यायचा आणि हौसेनं पोरीला उचलायला जायचा. ती त्याला लाथा मारायची. बरीच वर्षं तो समजत होता की पोरीला बाप नको आहे. तसं तोंडानं म्हणाला नाही, पण जेवताना ताटाकडे बघत बसायचा. सुजाता, त्याची बायको, रोह्याची आहे. धाटावच्या हवेवर वाढलेली, तिला कसलाच वास येत नव्हता. मलाही येत नव्हता. शेवटी पेणला जुई ज्या वर्गात जाते तिथल्या बाईंनी सांगितलं, कंपनीचे कपडे बाहेर काढा, आंघोळ करा, मग जवळ घ्या. तेव्हापासून दिनेशचे कपडे मागच्या पडवीत राहतात आणि आंघोळ करून तो बसला की जुई त्याच्या पाठीला पाठ लावून बसते. आम्हाला वास येईनासा झाला होता, म्हणजे वास नव्हता असं नाही. बधिर आम्ही होतो. फक्त आम्ही जास्त होतो, म्हणून शहाणे ठरलो.

त्या बाईंच्या वर्गात मी पहिल्यांदा गेले तेव्हा भर दुपारी ट्यूब बंद होती. मला वाटलं वीजबिल वाचवतायत.

मी म्हटलं, "बाई, अंधार कशाला?"

त्या म्हणाल्या, "ट्यूब गुणगुणते, आजी. तुम्हाला ऐकू येत नाही. हिला येतं."

मी वर बघितलं. कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. पण पोर शांत बसून मणी ओवत होती, एवढं दिसत होतं.

आता त्याच्याही आदल्या वर्षीची वाईट पोपटी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं घर कासूच्या बाजूला, रूळांच्या एका अंगाला, आणि शेत दुसऱ्या अंगाला. शेतावर जायचं तर पुढे रूळांखालची मोरी आहे, तिच्याखालून आम्ही वळसा घालून जातो. त्या वर्षी माझे धाकटे दीर, नामदेव भावोजी, यांच्या मुलानं पोपटीला भाड्यानं भोंगा आणला. कपाटाएवढा. पूर्वी पोपटीला आम्ही आरोळ्या ठोकायचो, तेवढाच आवाज. आता पोटात ठोके पडतील असं गाणं लावतात. तिन्हीसांज झाली होती. पेंढा भडकला, पोरं ओरडली, त्याच वेळी भोंगा सुरू झाला आणि जुई सुजाताच्या हातातून सुटली. बांधावरून पळत गेली ती थेट रूळांच्या चढावर. अंधारात तिचा पिवळा फ्रॉक वर चढताना दिसत होता. मी हाका मारल्या. सुजाता पळाली, वालाच्या वेलांत पाय अडकून पडली, उठली, परत पळाली. रूळांच्या पलीकडे एक बाई म्हशी घेऊन घरी चालली होती. तिनं जुईला दंडाला धरून खाली ओढलं.

गाडी त्यानंतर गेली. आम्ही ह्या बाजूला, पोर त्या बाजूला, मधून गाडी. शेवटचा डबा जाईपर्यंत पोर दिसली नाही.

त्या रात्री पोपटी तशीच राहिली. सकाळी कुत्र्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दिनेशनं दाराला वर, पोरीचा हात पोचणार नाही अशी, कडी बसवली. मी बसवू दिली. दुसरं काय करणार? पण कडीची एक सवय असते. एकदा लागली की ती उघडायला कारण लागतं, बंद ठेवायला लागत नाही. हळद आली, कडी. गणपती आले, आरतीच्या वेळी कडी. शेजारी बारसं, कडी, आणि सुजाता पण आतच, कारण पोर एकटी कशी ठेवायची? वर्षभरात त्या दोघी घरात अशा राहिल्या की वेलावरचं भोपळ्याचं फूल सुद्धा त्यांनी खिडकीतून पाहिलं. सुजाता कुठं बाहेर गेलीच तर जुईचं मनगट धरूनच. जेवायची ती उभ्यानं, एका हातानं. मी म्हटलं बस, तर म्हणायची, "बसले की उठायला वेळ लागतो, आई."

मग पुन्हा वाल भरला. भांबुर्ड्याचा वास घरापर्यंत आला आणि जुईनं स्वयंपाकघरातली भांडी उपडी घालायला सुरुवात केली. पातेलं उपडं, तांब्या उपडा, माझा पानाचा डबा उपडा. सुजातानं सरळ केली की परत उपडी. दूध उतू जाऊ नये म्हणून मी पातेल्यापाशी राखण करत बसायची. पोर ओरडत नव्हती, रडत नव्हती. एक एक भांडं पालथं घालायची, भोवती हातानं गोल फिरवायची आणि माझ्याकडे बघायची.

दिनेश म्हणाला, "आये, हिला पुन्हा झटका आलाय काय?"

मी म्हटलं, "झटका कसला? पोपटी मागतेय ती. तुला काय आता पत्र लिहून देईल?"

त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "नको. मी तिकडं शिफ्टला असतो. परत तसा फोन आला तर मी वाटेतच मरीन."

नामदेव भावोजी संध्याकाळी आले. पोपटी लावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मडकं टिचकीनं वाजवून घेतात, पाला स्वतः तोडतात आणि वर्षभर त्याच्याच बढाया मारतात. पडवीत बसून त्यांनी विषय काढला.

"वहिनी, राग धरू नका, पण पोरीला त्या दिवशी घरातच ठेवा. तासाभराचा प्रश्न हाय."

"आणि तुमच्या पोराच्या हळदीला?"

"तेव्हाबी तासभरच."

"होळीला?"

"तुम्ही लांबवताय."

"मी नाय लांबवत, भावोजी. तुम्ही तास तास करून पोरीचा जन्म कडीच्या आत घालताय."

ते म्हणाले, "मग काय पोपटीच करायची नाय?"

"करायची. माझ्या शेतात, उन्हं असताना, त्या भोंग्याशिवाय."

"आणि आरोळी?"

"आरोळी बी नाय."

"अवो, आरोळी नाय तर पोपटी कसली? दहाव्याचा भात झाला तो!"

"मग दहाव्याला आलो समजून या. पण या."

सुजाता दारात उभी होती. तिची बोटं पोरीच्या मनगटावर पांढरी पडली होती. मला त्या वेळी कुणाची दया आली नव्हती. दयेनं पोर पोपटीला जात नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मी बसून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी शेतात गेले आणि गेल्या साली जिथं आग पेटवली होती तिथं उभी राहिले. पोर कुठं पळाली, का पळाली, याची वर्षभर चर्चा झाली होती. कुणी म्हणालं तिला काही कळत नाही, कुणी म्हणालं तिला रूळांची ओढ आहे, एकीनं तर बाहेरचं बघायला सांगितलं. मी नुसती उभी राहून समोर बघितलं. रूळांच्या वर आमच्या घराची कौलं दिसत होती. निळा पत्रा घातलेली पडवी दिसत होती. पोर भलतीकडे पळालीच नव्हती. ती घरी पळाली होती, सरळ रेघेत. मोरीचा वळसा आम्हाला सुचतो, घाबरलेल्या जीवाला सुचत नाही. मधे रूळ आले ते तिनं घातले नव्हते.

म्हणजे पळणं थांबवून चालणार नव्हतं. तिला पळायला जवळ कुठंतरी घर हवं होतं.

शेताच्या दुसऱ्या टोकाला, रूळांपासून लांब, वालाची राखण करायची खोपटी होती. मोडकीच. मी आणि दिनेशनं ती नीट केली. तीन बाजूंनी पेंढा जाड लावला, दार रूळांकडे पाठ करून ठेवलं, आत जुईची जुनी गोधडी टाकली. नवी घेऊ नका असं बाईंनी बजावलं होतं. नवीन गोष्टीचा वासच तिला परका. बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जे होणार आहे ते आधी रोज करून दाखवा, त्याच क्रमानं. आणि ती पळाली तर मागे पळू नका, मागे पाय वाजले की ती आणखी जोरात पळते.

मग आम्ही रोज दुपारी मोरीखालून शेतात जायला लागलो. मी, सुजाता आणि जुई. आधी खोपटीत बसायचं. मग आगीच्या जागेपाशी. मग परत खोपटीत. रिकामं मडकं घ्यायचं, पाला घालायचा, शेंगा घालायच्या, उपडं करायचं, भोवती पेंढा रचायचा, आणि पेटवायचं नाही. सगळं काढून घरी यायचं. जुईला पाला आवडला. ती पानं चुरगळून नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. ज्या पोरीला साबणाचा वास सोसत नाही तिला हा उग्र पाला गोड लागावा, याचं कारण मला आजही सांगता येणार नाही. ज्याचं नाक त्याला माहीत.

भावोजी बांधावरून जाताना बघायचे. एकदा थांबले. "वहिनी, पोपटीची तालीम चाललीय काय? तिकीट किती ठेवलंय?"

मी म्हटलं, "तुम्हाला फुकट. पण शिट्ट्या मारायच्या नाय."

ते हसले, पण दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी मूठभर माती वर उडवून वारा बघितला आणि आगीची जागा दहा हात सरकवायला सांगितली. धूर खोपटीवर जाणार होता. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तो दिवस आला. दिनेशची सुट्टी होती. त्याला मी रूळांच्या चढाखाली बसवलं. "हितंच बसायचं. ती आली तर धर. पण तिच्याकडे जायचं नाय." त्यानं मान हलवली. माझा भरवसा खोपटीवर होता तेवढाच त्याच्या पायांवर होता, हे सांगून टाकते. नुसत्या खोपटीच्या जोरावर मी पोरीला रूळांजवळ नेलं नसतं.

उन्हं कलती होती. भावकीतली माणसं जमली होती. मी सगळ्यांना दम दिला होता की कुणी आवाज करायचा नाही. आम्ही जुईला घेऊन पोचलो आणि सगळे एकदम गप्प झाले. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळे. एवढी माणसं शेतात गोल बसलेली आणि एकही तोंड हलत नाही, सगळ्यांचे डोळे त्या एका पोरीवर. पाखरू उडालं तरी ऐकू येत होतं. मसणात सुद्धा माणसं ह्याच्यापेक्षा जास्त बोलतात.

जुई थांबली. तिनं मनगट तोंडात घातलं आणि चावायला लागली. मला वाटलं, संपलं. आवाज काढून टाकला म्हणजे काम झालं असं मी धरून चालले होते. पण इतक्या डोळ्यांचंही एक ओझं असतं, ते भोंग्याहून हलकं नसतं.

मी म्हटलं, "अरे बोला की! कोण मेलंय काय? रोज घरी बसून बोलता तसं बोला. हिच्याकडे बघू नका, शेंगांकडे बघा."

कुणाला काही सुचेना. बोला म्हटल्यावर माणसाला बोलता येत नाही. शेवटी भावोजींनीच तोंड उघडलं, हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू. "यंदा वालाला कीड कमी हाय."

त्यांची बायको म्हणाली, "तुमच्या तोंडाला बघून पळाली."

एक बाई फसकन हसली. मग दुसरी खांब गावच्या सोयरिकीचं काढून बसली, कुणी कांद्याच्या रोपांचं विचारलं, आणि ते नेहमीचं गुणगुणणं सुरू झालं, ज्यात कुणी कुणाकडे विशेष बघत नाही. जुईनं मनगट तोंडातून काढलं. माझ्या शेजारी उकिडवी बसली. पाल्यात नाक खुपसलं. मग रोजच्या क्रमानं एक एक मूठ शेंगा मडक्यात टाकायला लागली. मधे दुसऱ्या एका मुलीनं हात घातला, तर जुईनं तिचा हात बाजूला केला आणि मग थोड्या वेळानं स्वतःच तिला एक मूठ दिली. दोघी मिळून टाकायला लागल्या. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

भावोजींनी मीठ घातलं, पाला कोंबला, मडकं उपडं केलं. पेंढा रचला. मी जुईला चार पावलं मागे घेतलं, आवाज अडवणारे हेडफोन तिच्या कानांवर चढवले. उजेडात आग तेवढी भडक दिसत नाही. ज्वाळा उन्हात फिकट पडतात, नुसती हवा थरथरल्यासारखी दिसते. पेंढा पेटला, चरचरला, धूर ठरल्याप्रमाणे पलीकडे गेला. जुई बघत होती. पुढे मागे झुलत होती, पण बसलेली होती. सुजातानं तिचं मनगट सोडलं नव्हतं, तेव्हा मी माझ्या हातानं तिची बोटं एक एक करून सोडवली. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिचं काही चोरतेय.

आणि मडकं फुटलं.

असं होतं कधी. भाजणीत कच्चं राहिलेलं मडकं आगीत तडकतं. बंदुकीसारखा आवाज झाला, खापऱ्या आणि निखारे उडाले, बायका किंचाळल्या. हेडफोन खाली पडले होते. जुई उठून पळत होती.

सुजाता उठली. मी तिला दंडाला धरून खाली खेचलं. माझ्यात एवढी ताकद कुठून आली मला ठाऊक नाही, तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ आठवडाभर होते. ती ओरडली, "सोडा, आई!" मी म्हटलं, "पळू नको. तू पळालीस तर ती पळेल." बाकीचे जिथल्या तिथं. भावोजी हातात काठी घेऊन उभे, पायाशी निखारे, हलले नाहीत.

बांध पुढे जाऊन फुटतो. एक वाट रूळांकडे, एक खोपटीकडे. जुई तिथपर्यंत सुसाट गेली आणि त्याच वेळी रोह्याकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा वाजला. पोर थबकली. कानावर हात. तोंड रूळांकडे, म्हणजे घराकडे. चढाखाली दिनेश उठायला लागला होता. अर्धा उठला आणि तसाच वाकून राहिला, मला लांबून दिसत होतं, एक हात जमिनीवर टेकवून. माझी समजूत चुकली असती तर ती त्याच क्षणी चुकली असती.

जुई वळली. वालातून, वाट सोडून, वेल तुडवत खोपटीत शिरली.

गाडी आली आणि गेली.

आम्ही बसून राहिलो. मग मी सावकाश, लांबून वळसा घालून खोपटीच्या बाहेर जाऊन बसले. आत बघितलं नाही. गोधडी घासल्याचा आवाज येत होता, एका लयीत, पुढे मागे. ती रडत नव्हती. मी तिला काही बोलले नाही. घरात शिरलेल्या माणसाला लगेच कोण हाक मारतं?

आता सांगते, म्हणजे कुणी गैरसमज करून घेऊ नये. पोर बरी वगैरे झाली नाही. आजही मिक्सर लावायच्या आधी आम्ही तिला सांगतो. आजही पोपटी पेटली की ती बराच वेळ खोपटीत असते आणि मनाला येईल तेव्हा बाहेर येते, कधी येतही नाही. गावात काही जण म्हणतात, एका पोरीसाठी एवढा खटाटोप कशाला? मी त्यांना विचारते, पाटाची उंची तुमच्या ढुंगणाला बघूनच केली ना? चुलीपाशी वारा येतो म्हणून आडोसा केलात ना? सगळं जग तुमच्या अंगाला, कानाला, डोळ्याला बेतून घेतलंय आणि तो खटाटोप तुम्हाला दिसत नाही, कारण तो झालेला आहे. हिच्यासाठी करायचा राहिलाय एवढंच.

आणि एक मला कळलं. पळायला जागा आहे हे ठाऊक असलं की माणूस जरा जास्त वेळ बसतं. पोरंच नाही, मोठी माणसं सुद्धा. त्या दिवसानंतर घराची ती वरची कडी आम्ही काढली नाही, ती रूळांच्या भीतीपोटी आहेच. पण लावायची वेळ कमी आली.

त्या दिवशी मी खोपटीबाहेर बसले होते तेव्हा भावोजी फुटलेल्या मडक्यातून पोपटी वाचवत होते. निम्मी जळली होती, निम्मी बरी होती. पोत्यावर ढीग घातला, वाफ उठली, त्या वासानं माणसं पुन्हा बोलायला लागली. भावोजी पुन्हा पुन्हा सांगत होते की मडकं त्यांनी वाजवून घेतलं होतं, आवाज बरोबर होता, कुंभारानंच फसवलं, आणि त्यांची बायको म्हणत होती, "व्हय, तुमचे कान बी आता कडीत ठेवायला झालेत."

दिनेश चढाखालून आला आणि माझ्या शेजारी बसला. खोपटीच्या पेंढ्याला त्यानं पाठ टेकली. थोड्या वेळानं आतून पेंढ्यावर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. मी उठून पोपटीकडे गेले.

सुजाता अजून उभी होती. दंड चोळत. बायकांनी सरकून तिला जागा केली. ती जागा अशी होती की बसलं तर तोंड रूळांकडे आणि खोपटी पाठीमागे.

मी म्हटलं, "हिकडं ये, माझ्याकडे. इथून दिसतं."

तिनं एकदा खोपटीकडे बघितलं. मग म्हणाली, "राहू दे. हितंच बरी हाय." आणि मांडी घालून बसली. दोन्ही हातांनी शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, जीभ भाजली तशी हा हा केलं, आणखी एक सोलली. मागे वळून बघितलं नाही.

"काका," ती नामदेव भावोजींना म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

"कमी? मी सोता घातलंय! माझ्या हातचं मीठ कधी कमी पडलं नाय."

"कमीच हाय. आणि अंडी करपलीत."

भावोजी माझ्याकडे बघायला लागले. जुई झाल्यापासून सुजातानं कुणाच्या हातच्या खाण्याला नाव ठेवलेलं आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. चव कळायला माणसाला आधी बसावं लागतं. मी भावोजींना म्हटलं, "बघता काय? मीठ द्या तिला."